न्यूरोसायन्स पीएचडी, अमेरिकेतल्या सरकारी युनिव्हर्सिट्या: यादी बघून सांगाल का?

सायली_तासगाव:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आता अडलंय म्हणून धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

एमएस्सी झूलॉजी झालंय, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. काम ड्रोसोफिलावर, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ना त्या बारक्या माश्या, त्यांची झोप मोडली की शिकलेलं कितपत टिकतं असं काहीसं. ते करता करताच ठरलं की पुढे न्यूरोसायन्सच करायचं, म्हणजे मेंदूवरचं संशोधन. अडचण अशी की घरची द्राक्षबाग आहे, अवकाळीने काय करून ठेवलंय ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको, त्यामुळे कर्ज काढून शिकणं हा विषयच नाही, पूर्ण फंडिंग मिळालं तरच जाणार. लॅबमधल्या सिनिअरने सांगितलं की हार्वर्ड स्टॅनफर्डच्या नादी लागू नको, त्या प्रायव्हेट, महाग, त्यापेक्षा पब्लिक युनिव्हर्सिटी बघ, फी कमी आणि ॲडमिशन सोपी. म्हणून यादी केली: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को, बर्कली, लॉस एंजेलिस, डेव्हिस, अर्वाइन, शिवाय मिशिगन आणि सिॲटलची वॉशिंग्टन. बहुतेकांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला. अर्जाची फीच एकेका ठिकाणी शंभर-दीडशे डॉलर, आठ ठिकाणी भरायची म्हणजे माझे तीन-चार पगार गेले.

यादी ठीक आहे का? आधी एमएस करावं की थेट पीएचडी? जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का अजून? तिकडे हे करणारं कुणी आहे का इथे?

झाडाखालचा:

आहे. मिनेसोटा, मिनिॲपोलिस, न्यूरोसायन्स, शेवटचं वर्ष. थीसिस लिहायचं टाळण्यासाठी इथे येतो त्यामुळे उत्तर लांबलचक मिळेल.

छोटे प्रश्न आधी. जीआरई बहुतेक न्यूरोसायन्स प्रोग्रॅम्सनी काढून टाकलीय, तरी प्रत्येकाच्या साईटवर बघून घे. आणि थेट पीएचडी. अमेरिकेत एमएसचे पैसे साधारण आपल्याच खिशातून जातात, पीएचडीला ट्यूशनही तेच भरतात आणि वर स्टायपेंड देतात, मास्टर्सची अट नसते. माझ्याबरोबरची अमेरिकन पोरं बीएस करून दोनेक वर्षं कुठल्यातरी लॅबमध्ये टेक्निशियन राहून आलेली, म्हणजे तू आत्ता जे करतेयस तेच. त्यामुळे पुण्याची नोकरी हा वेळ वाया गेला असं एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात, चुकूनही सूचित करू नकोस.

आता यादी. सरकारी म्हणजे स्वस्त आणि सोपं हे आपल्याकडचं गणित. तिकडे पीएचडीला, त्यातही परदेशी विद्यार्थ्याला, ते बऱ्याचदा उलटं पडतं. कसं ते सांगतो. पहिल्या एक-दोन वर्षांत तू कुठल्याच एका लॅबची नसतेस, तीन-चार लॅबमध्ये रोटेशन करत असतेस, क्लासेस चालू असतात, तेव्हा तुझा खर्च प्रोग्रॅमला उचलावा लागतो. प्रोग्रॅमकडे हा पैसा येतो त्यातला मोठा हिस्सा एनआयएच या अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या ट्रेनिंग ग्रँटमधून, त्याला टी३२ म्हणतात, आणि ते फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच देता येतं. एनएसएफ या विज्ञान-संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेची फेलोशिपही तशीच. म्हणजे तुझ्याइतक्याच हुशार अमेरिकन मुलीला घेतलं तर तिचा पहिला खर्च केंद्र सरकारकडून निघू शकतो, आणि तुला घेतलं तर डिपार्टमेंटला दुसरीकडून पैसे उभे करावे लागतात. श्रीमंत प्रायव्हेट युनिव्हर्सिटीकडे स्वतःची गंगाजळी असते, त्यांना हे जड जात नाही. सरकारीला जातं.

कॅलिफोर्नियात याच्यावर आणखी एक भर. तिथल्या यूसीमध्ये राज्याबाहेरच्यांना ज्यादा ट्यूशन लागते, ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला १५ हजार डॉलरच्या वर. टेक्सासहून आलेला अमेरिकन वर्षभर राहून कॅलिफोर्नियाचा रहिवासी होतो आणि त्याची ती सुटते. आपण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कितीही वर्षं राहिलो तरी रहिवासी होत नाही. क्वालिफाइंग परीक्षा पास होऊन कँडिडेट झालीस, म्हणजे फक्त थीसिसचं काम उरलं, की मग तीन वर्षं ती ज्यादा ट्यूशन माफ. हे पैसे तू भरत नाहीस, डिपार्टमेंट भरतं, पण ॲडमिशन कमिटीत बसलेल्या माणसाला ते दिसत असतातच. म्हणून काही प्रोग्रॅम वर्षाला एखाद-दुसराच परदेशी घेतात. तुझ्या आठपैकी सहा अर्ज त्याच राज्यात आहेत.

घेत नाहीत असं अजिबात नाही. सॅन डिएगोत १९६५ साली न्यूरोसायन्सचं स्वतंत्र डिपार्टमेंट निघालं, जगातलं पहिलं म्हणतात, मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन त्याच युनिव्हर्सिटीतले. दोन ठेव कॅलिफोर्नियातल्या, सहा नको.

मेधाकाकू:

वाचतेय. माझा एक बावळट प्रश्न, हे करून मुलगी मेंदूची डॉक्टर होणार का? म्हणजे ऑपरेशन वगैरे? आमच्या शेजारणीचा मुलगाही हेच करायला गेलाय आणि ती सगळ्यांना न्यूरोसर्जन सांगते.

झाडाखालचा:

काकू, डॉक्टर होणार पण पीएचडीवाली, ताप आला तर उपयोग नाही :) शेजारणीचा गैरसमज राहू द्या, मुलाच्या लग्नाला उपयोगी पडेल.

जुनाखोड:

सगळ्यांनी अमेरिका अमेरिका लावलंय म्हणून लिहितो. मी मानेसरच्या एनबीआरसीतून पीएचडी केली. केंद्र सरकारची संस्था, फक्त मेंदूवरच काम, हरियाणात एका टेकडीवर. सीएसआयआर जेआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची संशोधनाची फेलोशिप, निघाली तर आज पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि नंतर ४२ हजार, वर घरभाडं. दिल्लीजवळ या पैशात माणूस नीट राहतो, आणि घरी द्राक्ष काढणीला माणूस कमी पडला तर रात्रीची गाडी पकडून येता येतं, मिनेसोटाहून येता येत नाही. बेंगळुरात निम्हान्स हे मेंदूच्या आणि मानसिक आजारांचं हॉस्पिटल आहे, पेशंटवरचं काम करायचं असेल तर त्यासारखी जागा नाही, आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स २००९ पासून आहे, एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था आहे, आणि आपल्या मुंबईत टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था, विदिता वैद्य यांची लॅब तिथलीच, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि मनःस्थिती यावरचं त्यांचं काम जगात वाचलं जातं. माशीवर काम करणारी मुलगी असेल तर या ठिकाणी तिला लोक ओळखतात, पुण्यातल्या लॅबचा फोन गेला की काम होतं. डिसेंबरात टीआयएफआरची परीक्षा असते ती द्याच, अर्जाची फी तुमच्या एका अमेरिकन फॉर्मच्या मानाने काहीच नाही.

कटकटी इथेही आहेत. फेलोशिप वेळेवर येत नाही, सहा सहा महिने अडकते, रिएजंट म्हणजे प्रयोगाचं रसायन मागवलं की तीन कोटेशन, मग कस्टम, मग पार्सल येतं तेव्हा बर्फ वितळलेला. एका अँटिबॉडीसाठी माझा अख्खा पावसाळा गेला.

ग्योटिंगेनकर:

मधला रस्ता सांगू का. जर्मनी. इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक राज्यांत ट्यूशन फीच नाही, सेमिस्टरला काही शे युरो भरायचे, त्यात विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पासही येतो. ग्योटिंगेनला युनिव्हर्सिटी आणि माक्स प्लांक संशोधन संस्था यांचा मिळून न्यूरोसायन्सचा एमएस्सी-पीएचडी प्रोग्रॅम आहे, २००० सालापासून, पूर्ण इंग्लिशमध्ये, वर्षाला जेमतेम वीसेक मुलं घेतात. पहिलं वर्ष म्हणजे घाणा आहे, रोज लेक्चर, आठवड्याला ट्युटोरियल, प्रॅक्टिकलं, शेवटी परीक्षा, आणि त्यात चांगले मार्क पडले तर मास्टर्सचा प्रबंध न लिहिता सरळ पीएचडीत. पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेच्या बारीक नळीने पेशीच्या पडद्यावरच्या एकेका चॅनलमधून जाणारा करंट मोजायचा, ते नेहर आणि झाकमान यांनी याच गावात १९७६ मध्ये केलं, नोबेल १९९१ चं. पहिल्यांदा माझ्या उपकरणावर ती नळी पेशीला घट्ट चिकटली तेव्हा हे डोक्यात होतं खरं.

दोन गोष्टी आधीच माहीत असू दे. भारतीयांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या डिग्र्या तपासल्याचं प्रमाणपत्र, लागतं, ते यायला वेळ लागतो, आजच्या आज सुरू करा. आणि स्कॉलरशिप नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ट्युबिंगेनही उत्तम आहे पण ते बाडेन-व्यूर्टेमबर्ग राज्यात, तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे.

सायली_तासगाव:

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टी३२ हा शब्दच मी आज पहिल्यांदा ऐकला, आमच्या लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हता. जुनाखोड काका, टीआयएफआरचा फॉर्म भरणारच आहे. ११,९०४ युरो मात्र आमच्याकडून दाखवणं होणार नाही, स्कॉलरशिप मिळाली तरच ते.

झाडाखालचा दादा, मग कॅलिफोर्निया सोडून कुठे बघू? आणि ज्या प्रोफेसरांचं काम आवडतं त्यांना मेल टाकायचा का, की कमिटीच सगळं ठरवते?

झाडाखालचा:

रोटेशनवाल्या प्रोग्रॅममध्ये ॲडमिशन कमिटी देते, एका प्रोफेसरच्या हातात नसते. तरी मेल टाक, पण चार ओळींचा, आणि विचारायचं एवढंच की पुढच्या वर्षी रोटेशनला विद्यार्थी घेणार का. डिअर रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग असला मेल उघडलाही जात नाही.

त्याआधी एक काम कर जे कुणी करत नाही. एनआयएच रिपोर्टर नावाची साईट आहे, सगळ्यांना खुली. प्रोफेसरचं नाव टाकलं की त्याच्याकडे कुठली ग्रँट आहे, वर्षाला किती डॉलर आणि कधी संपतेय ते सगळं दिसतं. पहिल्या वर्षानंतर तुझा पगार यातूनच येणार आहे. तुला आवडलेल्या लॅबचं शेवटचं ग्रँट पुढच्या उन्हाळ्यात संपत असेल आणि दुसरं काही दिसत नसेल तर तो माणूस कितीही मोठा असो, तुला घेऊ शकणार नाही, निदान मनात असूनही घेताना दहादा विचार करेल. अमेरिकेतली पोरं युनिव्हर्सिटीचं रँकिंग बघतात, आपण परदेशी लोकांनी ही साईट बघावी.

यंदा हे जास्तच महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने ओव्हरहेडचे, म्हणजे ग्रँटवर युनिव्हर्सिटीला इमारत-वीज-कारभारासाठी मिळणारे, पैसे सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, कोर्टाने अडवलं, पण तेवढ्या घबराटीत कित्येक प्रोग्रॅम्सनी त्या हंगामात जागा कमी केल्या, काही ठिकाणी तर दिलेली ॲडमिशन परत घेतली. मेंदूवरच्या संशोधनासाठी २०१३ मध्ये ओबामांनी जाहीर केलेला ब्रेन इनिशिएटिव्ह, त्याचंही बजेट २०२३ चं ६८ कोटी डॉलर होतं ते २०२४ मध्ये ४० कोटींवर आलं. घाबरवत नाहीये, पण तीन वर्षांपूर्वीच्या सिनिअरचा सल्ला आज जसाच्या तसा घेऊ नका.

कुठे बघू म्हणशील तर मिशिगन आहेच, विस्कॉन्सिन मॅडिसन, पिट्सबर्ग, नॉर्थ कॅरोलायना चॅपल हिल, आणि अर्थात आमचं. घरचं म्हणून सांगत नाही (थोडं सांगतोय). इथे एमआरआयचं सेंटर आहे, १९९२ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूचं एफएमआरआय, म्हणजे कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन, जगात पहिल्यांदा ज्या दोन-तीन ठिकाणी जमलं त्यातलं हे एक, ओगावा आणि उगुर्बिल यांचं काम. हॉस्पिटलात दीड किंवा तीन टेस्लाचं (चुंबकाची ताकद) मशीन असतं, इथे माणसांसाठी साडेदहाचं आहे. आणि आमच्या वेळी पहिलं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी सगळ्या नव्या पोरांना उन्हाळ्यात इटास्का तळ्यावर नेऊन टाकायचे, जंगलातलं बायॉलॉजिकल स्टेशन, तिथे दिवसभर इलेक्ट्रोड घेऊन सेल्युलर न्यूरोसायन्सची प्रॅक्टिकलं आणि संध्याकाळी तळं. मिसिसिपी तिथूनच उगम पावते, दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाता येतं एवढीशी. डास मात्र आपल्या कोकणातल्यांना लाजवतील असे.

स्टायपेंडचं पण नीट बघ, आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नको. सॅन डिएगोत एका बेडरूमच्या घराला अडीच हजार डॉलरच्या आसपास भाडं जातं. २०२२ मध्ये यूसीचे ४८ हजार कर्मचारी, त्यात शिकवायला मदत करणारे (टीए) आणि रिसर्च करणारे विद्यार्थीच बहुतेक, दीडेक महिना संपावर होते ते उगाच नाही. मिनिॲपोलिसला त्यापेक्षा पुष्कळ कमी भाड्यात भागतं, फक्त जानेवारीत उणे वीसमध्ये बसची वाट बघायची तयारी हवी.

अभियंता७९:

धाग्यात थोडं घुसतो. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये डेटा ॲनालिसिस करतो. कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि स्टॅटिस्टिक्स शिका. आता एका वेळी शेकडो न्यूरॉन म्हणजे मेंदूतल्या पेशी रेकॉर्ड होतात, ते एक्सेलमध्ये मावत नाही. न्यूरोमॅच अकॅडमीचा ऑनलाईन उन्हाळी कोर्स आहे, २०२० पासून, फी देशाप्रमाणे कमी करतात. बेंगळुरात एनसीबीएसला कॅम्प म्हणून कॉम्प्युटेशनलची, म्हणजे गणित आणि कॉम्प्युटर वापरून मेंदू अभ्यासायची, शाळा भरते तीही बघा. झूलॉजीवाल्या मुलीच्या अर्जात स्वतः लिहिलेला कोड दिसला की कमिटीतली माणसं थांबून वाचतात.

स्वप्नजा_क:

एक विचारायचं होतं, हसू नका. मी पण या वाटेवर आहे पण आमच्या घरी अंडंसुद्धा नाही. आणि कॉलेजात कधी बेडूकही कापला नाही, २०१४ नंतर यूजीसीने डिसेक्शनच बंद केलं. तिकडे उंदीर मारावे लागतात असं ऐकलंय. जमेल का?

झाडाखालचा:

हसण्यासारखं काही नाही, यावर कुणी बोलत नाही हाच प्रॉब्लेम आहे. उंदरांच्या लॅबमध्ये परफ्यूजन नावाचा प्रकार असतो, उंदराला पूर्ण भूल देऊन हृदयातून आधी सलाईन आणि मग फॉर्मलिनसारखं द्रावण सोडायचं म्हणजे मेंदू कडक होऊन त्याचे पातळ काप काढता येतात. उंदीर मरतो. नियम कडक आहेत, प्रत्येक प्रोजेक्टला संस्थेच्या कमिटीची मंजुरी लागते, किती प्राणी आणि का याचा हिशोब द्यावा लागतो, ट्रेनिंग झाल्याशिवाय हात लावू देत नाहीत. पण नियम पाळले तरी हात थरथरायचा तो थरथरतो. मी सातारकर, घरी रविवारी मटण, तरी पहिल्या आठवड्यात रात्री जेवण गेलं नव्हतं. आमच्या बॅचमधली एक गुजराती मुलगी पहिल्या रोटेशननंतर सरळ जाऊन म्हणाली मला हे नको, आणि ती माणसांच्या ईईजीवर, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी मोजण्यावर, गेली, कुणी तिला कमी लेखलं नाही. ईईजी, एफएमआरआय, कॉम्प्युटेशनल, हे सगळं आहे. रोटेशन असतात ती यासाठीच. एसओपीत लिहायची गरज नाही, पण लॅब निवडताना स्वतःला फसवू नकोस.

जुनाखोड:

सहमत. आणि माशी मारताना कुणाला काही वाटत नाही हेही खरं :)

सायली_तासगाव:

वाटतं हो काका, सुरुवातीला वाटायचं. आता नाही.

अपडेट: काल रात्री एनआयएच रिपोर्टरवर बसले. ज्या बाईंच्या पेपरमुळे मी झोपेच्या विषयात आले त्यांचं एकच ग्रँट दिसतंय आणि तेही २०२६ च्या जूनमध्ये संपतंय. डोळ्यात पाणी आलं थोडं. पण त्याच युनिव्हर्सिटीत आणखी दोघं झोपेवर काम करतात, त्यातल्या एकाचं २०२९ पर्यंत आहे. यादी आता अशी: कॅलिफोर्नियातल्या दोनच, मिशिगन, मॅडिसन, मिनेसोटा, चॅपल हिल, शिवाय टीआयएफआर आणि ग्योटिंगेन. फी माफीसाठी प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरना मेल टाकले, दोघांचं उत्तर आलं, एकाने लगेच माफ केली.

आता शिफारसपत्रं राहिलीत. एक माझ्या लॅबचे सर देतायत म्हणजे प्रश्न नाही. दुसऱ्यासाठी एमएस्सीच्या विभागप्रमुखांकडे गेले तर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. काय करू? आणि तिसरं कुणाचं घ्यावं?

ग्योटिंगेनकर:

ते सही करून देणारं पत्र नको. तुला शिस्तप्रिय आणि आज्ञाधारक म्हणणारं पत्र कमिटीत कुणी पूर्ण वाचत नाही. तुझं काम रोज बघणारं कुणी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झाल्यावर लॅबमध्ये संशोधन करणारं, आहे का तिथे?

सायली_तासगाव:

आहेत एक ताई. त्यांच्याच हाताखाली शिकले मी माश्यांचा संकर म्हणजे क्रॉस करायला. पण त्या प्रोफेसर नाहीत, चालेल?

झाडाखालचा:

चालेल, धावेल. तुझा कुठला प्रयोग फसला आणि तू तो कसा सावरलास हे त्यांना माहीत आहे, विभागप्रमुखांना नाही. जमलं तर त्यांनी लिहावं आणि तुमच्या सरांनी त्यांच्याबरोबर सही करावी, असं बरेच जण करतात, पण मग सरांचं वेगळं पत्र राहत नाही, ते बघ. तिसरं एमएस्सीच्या प्रोजेक्ट गाईडकडून घे, पत्र अपलोड करायची लिंक दिवाळीच्या आधीच पाठव कारण दिवाळीनंतर आपल्याकडे कुणी मेल उघडत नाही. एसओपी झालं की मेसेजमध्ये टाक, रविवारी वाचतो. पहिला परिच्छेद लहानपणापासून मला मेंदूचं कुतूहल होतं असा असेल तर आत्ताच खोड, माश्यांच्या झोपेपासून सुरू कर.

मेधाकाकू:

सायली, मला पण पाठव गं, इंग्लिश मी चाळीस वर्षं शिकवलंय, स्वल्पविराम तरी बघून देते.